इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि सुतार मित्रांनी एकत्र येऊन घरांची कामं घ्यावीत का? फर्म काढावी का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला तुमची इलेक्ट्रिकची कामं चालतात, एक मित्र प्लंबिंग करतो, दुसरा फर्निचर, आणि जुन्या फ्लॅटचं काम निघालं की गिऱ्हाईक म्हणतं, "सगळं तुम्हीच बघा ना." तर तिघांनी मिळून फर्म काढावी का?

एकत्र नक्की या. फर्म मात्र एवढ्यात काढू नका.

मी डोंबिवलीत प्लंबिंगची कामं घेतो. गेली नऊ वर्षं एक फरशीवाला, एक इलेक्ट्रिशियन, एक सुतार आणि मी अशी आमची चौकडी जुन्या फ्लॅटची कामं करते. चौघांचे धंदे आजही वेगळे, खाती वेगळी, बिलं वेगळी. तरी गिऱ्हाइकाच्या दृष्टीने काम एकच असतं.

"सगळं तुम्हीच बघा" असं माणूस का म्हणतो, ते आधी समजून घ्या. त्याला धास्ती असते दोन कारागिरांच्या कात्रीत सापडायची. बाथरूममधून खालच्या घराच्या छताला ओल आली की प्लंबर म्हणतो कोबा, म्हणजे फरशीखालचा सिमेंटचा थर, नीट झाला नाही, फरशीवाला म्हणतो नहाणी ट्रॅपपाशी, म्हणजे पाणी वाहून जायच्या तोंडाशी, गळतंय. दोघांचेही पैसे चुकते झालेले असतात आणि घरमालक खालच्या शेजाऱ्यांचं ऐकून घेत बसतो. मी स्वतः अशा भांडणात होतो. तेव्हा आमची चौकडी जमलेली नव्हती, फरशीवाला दुसराच होता. शेवटी तीन महिन्यांपूर्वी बसवलेली फरशी फोडली, तेव्हा दिसलं की ट्रॅप आणि कोबा यांच्यामधली फट कोणी भरलेलीच नव्हती. मला वाटलं ते त्याचं काम, त्याला वाटलं माझं. त्या घरातल्या आजी फोडाफोडीच्या धुळीत तोंडाला पदर लावून बसलेल्या मला अजून दिसतात.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की घराचं काम बिघडतं ते सांध्यावर. एकाचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, त्या जागी. तुम्हा तिघांनी हे सांधे आपले मानले, तरच एकत्र येण्याचा गिऱ्हाइकाला उपयोग आहे. नुसती तीन कोटेशनं एका फाइलला लावली तर त्याचं काहीच सोपं होत नाही.

शॉवरच्या डायव्हर्टरचंच बघा, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हचं. त्याची बॉडी भिंतीच्या आत बसते. बसवताना मला कळायला हवं की वर प्लास्टर किती येणार, टाइल किती जाडीची आहे आणि ती सिमेंटच्या मालात लावणार की केमिकलने. बॉडीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात, तयार टाइल त्या दोन्हींच्या मधे यावी लागते. घरच्यांनी ऐनवेळी दुसरी, जाड टाइल पसंत केली आणि मला कोणी सांगितलंच नाही, तर बॉडी आत राहते आणि वरची प्लेट बसत नाही. मग एक्स्टेन्शन शोधत दुकानं पालथी घालायची, नाहीतर नवी टाइल फोडायची. आता आमचा फरशीवाला झिरी मारायच्या, म्हणजे पाइपसाठी भिंतीत खाच पाडायच्या दिवशीच येतो, टाइलचा तुकडा घेऊन. ओळंबा सोडतो, भिंतीला मालाचे दोन गोळे थापतो, त्यावर तुकडा दाबून सांगतो, "तयार भिंत इथे येणार." मी त्या मापाने बॉडी बसवतो. त्याची जेमतेम पंधरा मिनिटं जातात आणि त्याचे वेगळे पैसे तो लावत नाही.

तुमच्या कामातले सांधे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. गिझरचा पॉइंट पाण्याच्या पॉइंटपासून किती लांब, किचन ट्रॉलीच्या मागे सॉकेट दबतोय का, कपाट ठोकताना सुताराचं ड्रिल तुमच्या वायरच्या पाइपात जाणार का. या शेवटच्या गोष्टीवर आमचा उपाय साधा आहे. प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीवर टेप धरून मोबाइलवर फोटो काढायचे आणि त्या घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. ग्रुपमध्ये घरमालकही असतो. दोन वर्षांनी आरसा लावायचा असला तरी तो फोटो उघडून भोक कुठे पाडायचं ते ठरवतो.

आणि एक नियम, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कोबा आणि वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवण्याआधी आम्ही नहाणीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये ४८ तास पाणी भरून ठेवतो. मग फरशीवाला आणि मी, दोघेही खालच्या घरी जाऊन छताला हात लावून बघतो. दोघांच्या वहीत तारीख आणि दोघांच्या सह्या. त्यानंतर ओल आली तर दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, चूक कोणाचीही असो. हा नियम ठरवताना फरशीवाला नाराज होता, मीही थोडा होतो. पण खर्च वाटून घ्यायचा ठरल्यापासून तो माझे जॉइंट तपासतो आणि मी त्याचा उतार तपासतो. तुमच्या कामातही असे दोन-तीन सांधे निवडा आणि तिथली जबाबदारी वाटून घ्या, लेखी. साध्या कागदावर लिहिलंत तरी चालेल, पण पहिलं काम घेण्याआधी.

आता फर्मबद्दल. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे. त्याच्या कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला सगळे भागीदार मिळून आणि प्रत्येक जण एकट्यानेही जबाबदार असतो. सुतार मित्राने फर्मच्या नावावर प्लाय उचलला आणि पैसे थकले, तर दुकानदार पूर्ण रक्कम तुमच्याकडे मागू शकतो. तिघांची नावं टाकून एकच कार्ड छापायच्या आधीही विचार करा. भागीदार नसताना तसं भासवलं आणि त्या भरवशावर कोणी उधारी दिली, तरी अंगावर येऊ शकतं. पुढे कधी फर्म काढलीतच, तर नोंदणी जरूर करा, कारण नोंदणी नसलेल्या फर्मला गिऱ्हाइकाकडे अडकलेल्या पैशांसाठी कोर्टात दावा लावता येत नाही. एलएलपीत, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत, जबाबदारी मर्यादित राहते, पण दरवर्षीची कागदपत्रं आणि खर्च वाढतो. तिघांच्या कामाला पहिल्या वर्षी त्याची गरज मला दिसत नाही.

दुसरी चूक जवळजवळ सगळे करतात. सोय म्हणून एकच जण पूर्ण कामाचं बिल फाडतो आणि बाकीच्यांना पैसे देतो. पण ती सगळी उलाढाल त्याच्या नावावर चढते. सेवेच्या कामात वर्षाला २० लाखांच्या वर गेलात की जीएसटी नोंदणी लागते, मग त्यातले बारा लाख सुताराचे आणि प्लंबरचे का असेनात. आयकर तुम्ही उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने भरत असाल, म्हणजे बँकेतून आलेल्यावर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरून, तर तोही पूर्ण रकमेवर धरला जातो. म्हणून बिलं आपापली. गिऱ्हाइकाला एक बेरजेचा कागद द्या, खाली कोणाला किती द्यायचे ते स्पष्ट. मोठं काम असेल तर सीएला एकदा भेटा.

एकमेकांकडून कमिशन मात्र घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. सुताराने तुम्हाला दहा टक्के द्यायचे ठरले की तो ते प्लायमधून नाहीतर बिजागरीतून काढणार, आणि भोगणार ते घर. त्याऐवजी जो माणूस रोज साइटवर जाऊन तारखा जुळवतो, त्याची देखरेखीची रक्कम कोटेशनमध्ये उघड लिहा. आमच्याकडे कामानुसार हा माणूस बदलतो. ज्याच्या ओळखीने काम आलं तो. गिऱ्हाइकाने फक्त त्याला फोन करायचा, आणि त्याने "ते माझं काम नाही" असं म्हणायचं नाही.

पैशांच्या बाबतीत अजून एक. प्रत्येकाच्या बिलातले पाच टक्के आम्ही गिऱ्हाइकाकडेच ठेवतो आणि पहिला पावसाळा गेल्यावर घेतो. ही अट आमची आम्हीच कोटेशनमध्ये घालतो.

सुरुवातीलाच तीन बीएचके घेऊ नका. ओळखीतलं एखादं बाथरूम घ्या. त्यात तुम्हा तिघांचेही हात लागतात, फरशीवाला आणि रंगारी बाहेरचा आणावा लागतो, आणि पंधरा-वीस दिवसांत काम उरकतं. काम संपल्यावर तिघांनी घरमालकाला विचारा की त्याला कोणत्या दिवशी कोणाला फोन करावा ते कळलं नव्हतं. तो दिवस सांगेल. तिथे तुमचा एखादा सांधा राहिलेला असेल. कागदावर तो लिहून घ्या आणि मग दुसरं काम धरा.