संशोधन करायचंय, पण कशात?

बार्शीच्या ताईंना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि सोबतच्या कात्रणांच्या झेरॉक्स मिळाल्या. इतर वाचकांसाठी पत्रातला मजकूर थोडक्यात सांगतो. ताईंची मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित असे चारही विषय तिने घेतलेत. 'मला संशोधन करायचंय' एवढं ती ठामपणे सांगते, पण कशात असं विचारलं की कात्रणांची वही पुढे करते. त्या वहीत कॅन्सरवरचे उपचार आहेत, प्रथिनांचे आकार ओळखणारा संगणक आहे, हवेतून पाणी ओढणारा पदार्थ आहे आणि बाजारात भाजी विकणाऱ्या मुलांचं गणितही आहे. बाबांचं म्हणणं, आधी एमबीबीएस हो, मग काय ते संशोधन कर. लातूरच्या क्लासच्या सरांचा सल्ला, गणित सोडा आणि तो वेळ बायोला द्या. फी भरायची मुदत महिनाअखेरची. ताई विचारतात, "हिला नेमकं काय आवडतं हे हिलाच कळत नाहीये. अशा मुलीनं काय करावं?"

ताई, तिला कळत नाही असं मला वाटत नाही. सतराव्या वर्षी चार विषयांकडे ओढ असणं हे गोंधळाचं लक्षण म्हणता येणार नाही. आणि या चार विषयांमधल्या भिंती आपल्याला शाळेच्या वेळापत्रकामुळे दिसतात तेवढ्या पक्क्या राहिलेल्या नाहीत. तिचीच कात्रणं घेऊन बोलू.

कॅन्सरचं कात्रण नेक्सकार-१९ या उपचाराचं आहे. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवं जनुक घालतात, त्यामुळे कॅन्सरग्रस्त बी-पेशींवरची 'सीडी-१९' ही खूण त्यांना ओळखता येते. मग त्या पेशी वाढवून सलाइनसारख्या त्याच रुग्णाला परत देतात. ल्युकेमिया आणि लिम्फोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या काही प्रकारांवर हा उपचार आहे. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते आयआयटी मुंबईत तो औपचारिकपणे सुरू झाला. परदेशात अशा उपचाराला काही कोटी रुपये लागतात, इथे तो खर्च लाखांत आला. पेपरात एवढंच छापून येतं. तुमच्या मुलीला मी विचारीन, की यात तुला नेमकं कोण व्हायचंय? आयआयटीत प्रा. राहुल पुरवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्या जनुकाची रचना केली, ते जीवशास्त्रज्ञ. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयात डॉ. गौरव नरुला आणि डॉ. हसमुख जैन यांच्यासारख्या डॉक्टरांनी रुग्णांवर चाचण्या घेतल्या. पेशी निर्जंतुक खोलीत वाढवून त्यांचा दर्जा नीट राखणारे लोक वेगळे, आणि चाचणीचे आकडे तपासणारे संख्याशास्त्राचे लोक आणखी वेगळे. काम एकच, पण ते करणारी माणसं चार वेगवेगळ्या पदव्या घेऊन आलेली असतात.

आता बाबांच्या म्हणण्याकडे येतो, कारण त्यात तथ्य आहे. काही प्रश्न डॉक्टरलाच सुचतात. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली ११ केंद्रांवर एक मोठी चाचणी झाली. स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. लिग्नोकेन म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे मिळतं ते साधं भूल देणारं औषध, अगदी स्वस्त. सुमारे १,६०० स्त्रियांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के होतं, न दिलेल्या गटात ८६.४ टक्के. गाठीला हात लावतानाच काही कॅन्सरपेशी निसटत असतील का, ही शंका ऑपरेशन टेबलाशी उभं राहणाऱ्याच्याच मनात येणार. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात ती पद्धत आली. हेही डॉक्टरांनीच केलेलं संशोधन.

म्हणजे एमबीबीएस हा संशोधनाचा रस्ता आहेच. फक्त एक गोष्ट बाबांनी मनात पक्की ठेवावी. साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग पीजीची परीक्षा, मग तीन वर्षं एमडी. एवढ्या काळात संशोधनाला वेळ सहसा उरत नाही, तो मुद्दाम काढावा लागतो. 'आधी डॉक्टर हो, मग कर' यातला 'मग' तिशीजवळ येतो. रुग्ण तपासण्यात तिला मनापासून रस असेल तरच तो तिथवर टिकेल. नुसतं संशोधनाचं तिकीट म्हणून एमबीबीएसला जाणं मला पटत नाही. 'नीट'ला दरवर्षी वीस लाखांच्या वर मुलं बसतात. ज्याला डॉक्टरच व्हायचं नाही, त्यानं त्या रांगेत उभं राहून स्वतःला का शिणवावं?

प्रथिनांच्या कात्रणाबद्दल फार लिहीत नाही, एकच गंमत सांगतो. प्रथिनांवरच्या अशाच कामासाठी २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर या तिघांना मिळालं. हसाबिस बुद्धिबळपटू, मग व्हिडिओ गेम बनवणारे, मग मेंदूविज्ञानात पीएचडी. जंपर पदवीला भौतिकशास्त्र आणि गणिताचे. बेकर कॉलेजात गेले ते तत्त्वज्ञान आणि समाजविज्ञान शिकायला. रसायनशास्त्राचा हा सर्वोच्च सन्मान मिळालेल्या तिघांपैकी एकानेही सुरुवात रसायनशास्त्राने केली नव्हती.

हवेतून पाणी ओढणाऱ्या पदार्थाचं कात्रण मात्र मला फार आवडलं, त्यामुळे जरा रेंगाळतो. २०२५ चं रसायनाचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना अशाच पदार्थांसाठी मिळालं. धातूचे अणू कोपऱ्यांवर, त्यांना जोडणारे कार्बनी रेणू काड्यांसारखे, आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. अशा जाळीदार पदार्थाची काही ग्रॅम भुकटी घेतली तरी आतल्या पोकळ्यांचा पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो. रात्री हवेतली वाफ त्यात अडकते आणि सकाळी उन्हाने तापलं की पाणी मिळतं. याघींच्या गटाने ॲरिझोनाच्या वाळवंटात हे करून दाखवलं. पण खरी गंमत सुरुवातीची आहे. १९७४ मध्ये मेलबर्न विद्यापीठात रॉबसन यांच्याकडे वर्गासाठी रेणूंच्या प्रतिकृती बनवून घ्यायचं काम आलं. लाकडी चेंडू म्हणजे अणू, दांड्या म्हणजे बंध. कुठल्या चेंडूला कुठे भोकं पाडायची हे वर्कशॉपला सांगताना त्यांच्या लक्षात आलं, की भोकांच्या जागा बरोबर असल्या की प्रतिकृती आपसूक नीट जुळते. मग खरे अणूही असेच जुळवता येतील का? या कल्पनेवर पहिला शोधनिबंध १९८९ मध्ये आला. नोबेल यायला आणखी ३६ वर्षं लागली. मुलांना शिकवण्याच्या साहित्यातून रसायनशास्त्राची एक अख्खी शाखा निघाली. हे तिला जरूर सांगा, आणि छापून आलेल्या बातमीमागे किती वर्षं असतात हेही.

शेवटचं कात्रण बाजारातल्या मुलांचं. शिक्षणावरही संशोधन होतं, पीएचडी मिळते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. बीएड म्हणजे शिक्षणशास्त्र संपलं असा समज. २०२५ च्या सुरुवातीला 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या या अभ्यासात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के यांच्यासारखे अर्थशास्त्र आणि मानसशास्त्रातले लोक होते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं वेगवेगळ्या भावांचे, वेगवेगळ्या वजनांचे हिशेब तोंडी बिनचूक करत. तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की अडत. शाळेत जाणाऱ्या मुलांचं उलट, पुस्तकातलं जमे आणि बाजारातलं जमेना. अशा कामाची तिला ओढ असेल, तर मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. विज्ञान आणि गणित मुलं कशी शिकतात यावर तिथे पीएचडी करता येते. त्यासाठी आधी विज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतली तर ती वाया जात नाही, उलट उपयोगी पडते.

आता या सगळ्या उदाहरणांत समान काय आहे ते बघा. डॉ. बडव्यांच्या चाचणीतले ९०.१ आणि ८६.४ हे आकडे योगायोगाने आले नाहीत, हे संख्याशास्त्रच सांगतं. प्रथिनांचे आकार ओळखणारा संगणक हा आतून गणितच आहे. जाळीच्या कोपऱ्यांची मांडणी म्हणजे भूमिती. बाजारातल्या मुलांची तुलना करायची तर नमुना कसा निवडायचा इथपासून गणित लागतं. म्हणून क्लासच्या सरांचा सल्ला फक्त 'नीट'पुरता बरोबर आहे, कारण त्या पेपरात गणित नसतं. तुमच्या मुलीसाठी तो चुकीचा आहे. विषय कोणता हे आज ठरवू नका, दोन-तीन वर्षांनी ठरलं तरी चालेल. गणित मात्र आज सोडलं तर पुढची बरीच दारं जड होतील.

दारं कोणती, ते सांगतो. पहिलं आयसर, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेरहामपूर अशा सात संस्था. पाच वर्षांचा बीएस-एमएस. सुरुवातीला सगळे मूलभूत विषय शिकावे लागतात, मुख्य विषय नंतर निवडायचा. म्हणजे हा अभ्यासक्रम तुमच्या मुलीसारख्यांसाठीच बेतलाय म्हणा. त्यासाठी आयएटी ही परीक्षा असते. ६० प्रश्न, चार विषयांचे प्रत्येकी १५. बारावीला चारपैकी तीन विषय असले तरी अर्ज करता येतो, पण गणिताचे १५ प्रश्न टळत नाहीत. सातही संस्थांत मिळून जागा दोन हजारांहून थोड्याच जास्त, त्यामुळे स्पर्धा आहेच. दुसरं दार नेस्ट परीक्षेचं. भुवनेश्वरची नायसर ही विज्ञान संस्था आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातलं मूलभूत विज्ञानांचं केंद्र यांचे प्रवेश त्यातून होतात. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेचा चार वर्षांचा बीएसही आहे. पदार्थांची ओढ जास्त वाटली तर सीईटी, जेईई देऊन पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी किंवा आयआयटी मुंबई इथली धातू आणि मटेरियल सायन्सची इंजिनिअरिंग शाखा. कॉम्प्युटरच्या मागे धावणारी मुलं तिकडे वळत नाहीत, हा मला फायदाच वाटतो.

यातलं काहीच जमलं नाही तरी चांगल्या कॉलेजातून बीएस्सी, मग जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, हा जुना रस्ता अजून वाहता आहे. त्यावरून गेलेले कितीतरी लोक आज पुण्याची एनसीएल आणि मुंबईची टीआयएफआर अशा संशोधन संस्थांत आहेत.

पैशांचं तुम्ही पत्राच्या शेवटी, जरा संकोचाने विचारलंय. संकोच कशाला? बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञानाला गेली, तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपये. पीएचडी करताना फेलोशिपचे पैसे मिळतात. नेट परीक्षेत संशोधनाच्या फेलोशिपसाठी (जेआरएफ) पात्र ठरलेल्यांना पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. हे पैसे कधीकधी महिनोन्‌महिने अडकतात, तेही ऐकून ठेवा. पीएचडी पूर्ण होईतो ती अठ्ठावीस-एकोणतीसची होईल. त्यानंतर बहुतेकांना दोन-तीन वर्षं परदेशात किंवा इथेच पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, करावं लागतं, आणि कायमच्या प्राध्यापकीच्या जागा थोड्या असतात. सगळेच प्राध्यापक होत नाहीत. लस आणि औषध कंपन्या, बॅटरीवर काम करणाऱ्या कंपन्या यांनाही असे लोक लागतात. २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं, ते आयसर पुण्याच्या साथीने तयार झालेलं होतं. तरीही घरात दुसरी कमाई लवकर यायलाच हवी अशी परिस्थिती असेल, तर हे आत्ताच मोकळेपणाने बोला. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी हे बोलणं सगळ्यांनाच जड जातं.

तिच्यासाठी एक काम देतो. चारपैकी एका कात्रणामागचा मूळ शोधनिबंध इंटरनेटवर शोधायला सांगा, बरेच फुकट वाचता येतात. सगळा कळणार नाही, कळायची अपेक्षाही नाही. ती कुठे थांबते एवढंच बघा. रुग्णांच्या तक्त्यापाशी की पेशी कशा वाढवल्या त्या भागापाशी, आकृतीपाशी की आकड्यांपाशी. त्यावर तिने मला दोन पानं लिहून पाठवावीत. मराठीत लिहिली तरी चालतील. आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला पुण्यातल्या संशोधन संस्था लोकांसाठी खुल्या असतात, तेव्हा बाबांनी तिला घेऊन जावं. पुढच्या वर्षी बोर्डाची परीक्षा तोंडावर असेल, तेव्हा हे जमणार नाही.

लातूरची फी भरायची तर भरा, 'नीट'चा अर्जही भरू द्या, 'नीट' आणि आयएटी या दोन्ही परीक्षांचा भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचा अभ्यास बराच सारखा आहे. पण भरण्याआधी सरांना स्पष्ट विचारा, की गणिताच्या तासांना ही मुलगी बसली तर तुमच्या बॅचच्या वेळा जुळतात का? जुळत नसतील तर गणितापुरती बार्शीतच एखाद्या सरांकडे शिकवणी लावा. आयएटीचा अर्ज साधारण मार्चमध्ये निघतो. बारावीत असताना जानेवारीपासून आयसरच्या संकेतस्थळावर अधूनमधून नजर ठेवायची जबाबदारी तिच्यावरच टाका.

आपला,
करिअर समुपदेशक