‘आय ॲम हॅविंग’ कुठे चालतं, कुठे नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात लिखापढी बघणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. परगावच्या व्यापाऱ्याला मेल करताना त्यांनी लिहिलं, ‘वुई आर हॅविंग 200 बॅग्ज ऑफ राजापुरी टर्मरिक. वुई हॅव सेंट द सॅम्पल यस्टरडे.’ मालकांच्या मुलाने पहिल्या वाक्यातलं ‘आर हॅविंग’ खोडून नुसतं ‘हॅव’ केलं, पण कारण काही त्याला सांगता आलं नाही. ताई विचारतात, मग ‘वुई आर हॅविंग टी’ बरोबर कसं?

ताई, खोडलं ते योग्यच, आणि तुमची शंकाही रास्त आहे. ही चूक आपल्याकडे शिकलेली माणसंसुद्धा करतात. त्यात अडाणीपणा नाही, आपल्या ‘आहे’चा हात आहे.

‘मी बिल लिहीत आहे’ आणि ‘आमच्याकडे 200 पोती आहेत’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यातला ‘आहे’ लिहिण्याच्या क्रियेला आधार द्यायला आलाय. दुसऱ्यातला ‘आहेत’ स्वतःच मुख्य क्रियापद आहे, चालू असलेलं काम तिथे कुठलंच नाही. पण शाळेत ‘आहे’ दिसला की ‘ॲम, इज, आर’ लिहायची सवय हाताला लागलेली असते. म्हणून ‘आहेत’साठी आधी ‘आर’ पडतं. मग मालकी दाखवायला ‘हॅव’ हवंच, आणि ‘आर’च्या मागे नुसतं ‘हॅव’ उभं राहत नाही, म्हणून त्याला ‘इंग’ चिकटतं. एका ‘आहेत’चं भाषांतर असं दोनदा होतं.

मुळात ‘हॅव’च्या जोडीचं एकच क्रियापद मराठीत नाही. ‘हॅव’ ज्या प्राचीन धातूपासून आलं त्याचा अर्थ ‘पकडणे’. लॅटिनमार्गे इंग्रजीत आलेलं ‘कॅप्चर’ हे त्याचं लांबचं भावंड. इंग्रजी माणूस भाऊ, ताप, घर, वेळ सगळं एकाच मुठीत धरतो. आपण काहीच धरत नाही. वस्तू नुसती ‘असते’, आणि आपलं तिच्याशी नातं काय ते विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय सांगतं. संस्कृतातही ‘मम पुत्रः अस्ति’ असंच, म्हणजे ही रीत फार जुनी. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे रक्ताचं नातं. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं की ऐकणारा विचारेल, किती दिवस राहणार? ‘मला ताप आहे’, ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘आमची तीन एकर बागायत आहे’, ‘घराला दोन दारं आहेत’, ‘आयर्विन पुलाला कमानी आहेत’, या सगळ्यांना इंग्रजीत एकच ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लागतं, आणि यांपैकी एकालाही ‘इंग’ लागत नाही. आपली वाटणी किती बारीक आहे बघा. म्हणून हल्ली ‘माझ्याकडे एक प्रश्न आहे’ असं ऐकलं की मला वाईट वाटतं. ‘मला एक विचारायचंय’ हे आपलं धडधाकट वाक्य असताना इंग्रजीची मूठ मराठीत कशाला आणायची?

आता चहाचं. तिथे ‘हॅव’ मालकी सांगतच नाही, ‘घेणे’ सांगतं, आणि घेणं ही क्रिया चालू असू शकते. तेव्हा लिहिण्याआधी वाक्य मराठीत, रोजच्या बोलण्यात म्हणून बघा. ‘घेतोय, करतोय, चाललंय’ असं काही तोंडात आलं तर ‘हॅविंग’ चालेल. नुसतं ‘आहे’ आलं तर ‘हॅव’. ‘चहा घेतोय’, म्हणून ‘वुई आर हॅविंग टी’. ‘गाडी दुरुस्त करून घेतोय’, म्हणून ‘आय ॲम हॅविंग माय स्कूटर रिपेअर्ड’. ‘रविवारी घरी पूजा करतोय’, म्हणून ‘वुई आर हॅविंग अ पूजा ऑन संडे’. पण ‘पोती आहेत’ हे ‘पोती असतायत’ होत नाही, तिथे ‘वुई हॅव’च. दुखण्यात मात्र जपून. ‘मला ताप आहे’ला ‘आय हॅव अ फीवर’ म्हणायचं, पण महिनाभर अधूनमधून डोकं दुखत असेल तर ‘आय हॅव बीन हॅविंग हेडेक्स’ हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे, कारण तिथे पुन्हा पुन्हा दुखणं चाललेलं असतं.

नकार देताना ‘वुई आर नॉट हॅविंग स्टॉक’ नको, ‘वुई डू नॉट हॅव स्टॉक’ लिहा. मालक एकटा असला तरी ‘ही डझ नॉट हॅव’ होतं. ‘हॅज’मधलं एकवचनाचं खूण-अक्षर ‘एस’ हे ‘डझ’ने आधीच घेतलेलं असतं, म्हणून ‘डझ नॉट हॅज’ चूक.

आणि त्या मेलमधलं दुसरं वाक्य कुणी खोडलं नाही, तेही दुरुस्त करायला हवं. ‘नमुना कालच पाठवलाय’ हे आपण सहज बोलतो, ‘काल’ आणि ‘पाठवलाय’ मराठीत गुण्यागोविंदाने नांदतात. इंग्रजीत ‘यस्टरडे’सारखी संपलेली वेळ सांगितली की असं ‘हॅव’ बसत नाही. वेळ सांगायची नसेल तर ‘वुई हॅव सेंट द सॅम्पल’ ठीक. हळकुंडं कालच्या पार्सलने गेली हे व्यापाऱ्याला कळायला हवं असेल, तर ‘वुई सेंट द सॅम्पल यस्टरडे’ असं लिहा.