रंगाला भुलू नका, अंगठ्यानं दाबून बघा

दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापुरात माझ्याकडं एकाच विषयावरचे प्रश्न येऊन पडतात. घरचे सगळे मालवण-तारकर्लीला नाहीतर गोव्याला जाऊन आलेले असतात. तिथं वाळूवर ओढून ठेवलेली, दोन हलांची (हल म्हणजे होडीचं पाण्यावर तरंगणारं पोकळ अंग), मधे जाळी ताणलेली शिडाची होडी बघितलेली असते. परतीला फोंडा घाट चढून होईपर्यंत गाडीत ठराव मंजूर झालेला असतो : आपणही एक जुनी बीच कॅटामरान घ्यायची. हौसेला माझी ना नाही. पण फायबरचे हल तपासणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम, आणि लोक माझ्याकडं येतात ते पैसे मोजून झाल्यावर. म्हणून यंदा जरा आधीच उत्तरं देतो.

आम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं (९ आणि १२ वर्षं). ‘हॉबी १६’ मिळतेय. कुटुंबासाठी बरी का? (राजारामपुरी)

होडी उत्तम आहे, पण ती तुमच्यासाठी बांधलेली नाही. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या हॉबी आल्टर यांनी १९६८ मध्ये ‘हॉबी १४’ आणली आणि मागोमाग ही १६ फुटी. लांबी ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन साधारण १४५ किलो. हल केळ्यासारखे वाकडे असल्यानं खाली पाण्यात सोडायचं पातं लागत नाही आणि ती सरळ वाळूवर चढते. जगभर शर्यती होतात त्या दोन माणसांच्या. वेगाची होडी आहे. वारा मागून जोरात आला की पुढची टोकं पाण्यात घुसतात आणि होडी नाकावर कोलांटी खाते. होडीचं तोंड वाऱ्यासमोरून वळवताना पुढचं छोटं शीड क्षणभर उलट धरून ठेवावं लागतं, नाहीतर मधेच अडकते. दोघांपैकी एकाला तरी शीड चालवता येत असेल आणि वारा मंद असेल, तर चौघं बसतील. कुणालाच येत नसेल तर ‘हॉबी वेव्ह’ शोधा. तेरा फुटी, प्लॅस्टिकच्या एकसंध साच्यातली, एकच शीड, आणि डोक्याला लागायला बूमही (शिडाच्या खालची आडवी दांडी) नाही. मात्र तिच्या प्लॅस्टिकला फायबरचं रेझिन चिकटत नाही. तडा गेला तर प्लॅस्टिकचं वेल्डिंगच करावं लागतं, म्हणून कुठं चीर किंवा खोल पोचा आहे का ते नीट बघा. काहीही घेण्याआधी एखाद्या प्रशिक्षकाबरोबर भाड्याच्या होडीवर दोन-चार वेळा जाऊन या. मुलांना भीती वाटते की मजा, हे तिथंच कळेल.

दोन हल असल्यामुळं कॅटामरान उलटत नाही असं म्हणतात. (कागल)

कोण म्हणतं? उलटते, आणि पूर्ण पालथी झाली की पालथीच छान तरंगत राहते. तीच तर अडचण आहे. डोलकाठीचे सांधे आणि टोपण हवाबंद असली तर ती तरंगते आणि होडी आडवीच राहते. आत पाणी शिरत असेल तर डोलकाठी सरळ तळाकडं जाते. म्हणून घेण्यापूर्वी डोलकाठी आडवी करून हलवा. आतून पाण्याचा खळखळाट आला तर समजा. आडवी पडलेली ‘हॉबी १६’ उभी करायला दोरीला लटकून साधारण १३५ किलो वजन लागतं. एकट्या माणसाला ते जमत नाही, मग तो बाजूला मुलांना धरून पोहत बसतो. उथळ, शांत पाण्यात, जाणत्या माणसासमोर, होडी मुद्दाम उलटवून सरळ करून बघा. ते जमेपर्यंत मुलांना घेऊन जाऊ नका.

मुलगी तरणतलावात उत्तम पोहते. लाइफ जॅकेट सक्तीचं करावं का?

हो, तिलाही आणि तुम्हालाही.

होडीला नुकताच नवा रंग मारलाय, हल आरशासारखे आहेत. डेक (हलाची वरची बाजू) पुढच्या बाजूला अंगठ्याखाली किंचित दबतो. मालक म्हणतो, उन्हानं फायबर मऊ पडतं, थंडीत घट्ट होईल. घ्यावी का? (इचलकरंजी)

घेऊ नका. आता कारण ऐका, कारण हाच प्रश्न मला वर्षभर, वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो.

उन्हात तापलेला हल थोडा मऊ लागतो हे खरं आहे, आणि म्हणूनच होडी सकाळी, ऊन चढायच्या आत बघायची. पण थंडीत घट्ट होईल हे साफ खोटं. हा हल म्हणजे फायबरचा एकच जाड पत्रा नव्हे. मधे हलक्या फोमचा थर, आणि त्याच्या दोन्ही अंगांना फायबरग्लासचे पातळ थर चिकटवलेले. सगळी ताकद त्या चिकटण्यात आहे. वर्षानुवर्षं ऊन, आत मुरलेलं पाणी आणि लाटांवरचं वाकणं यानं बाहेरचा थर फोमपासून सुटतो, भाकरीचा पापुद्रा सुटतो तसा. सुटलेला थर पुन्हा आपोआप चिकटत नाही, ना थंडीत, ना मालकाच्या शब्दानं.

तुम्ही सांगता ती जागा तर ठरलेलीच. पुढच्या आडव्या दांडीला धरणारा जो खांब आहे, त्याच्या पुढचा हात-दीड हात डेक. डोलकाठीला पुढून ताणणाऱ्या तारा हलांच्या टोकांना बांधलेल्या असतात, लाटेचा मारही टोकावरच बसतो, आणि खांबापाशी हल जखडलेला. मग वाकणार कुठं? तिथंच. हा भाग मऊ झालेला हल किनाऱ्यावर देखणा दिसतो आणि लाटेत मोडतो. मोडलेल्या हलानिशी चौघांनी किनारा कसा गाठायचा, याचं उत्तर रंग मारणाऱ्याकडं नसतं.

तपासायचं असं. दोन्ही अंगठे चार-चार बोटांच्या अंतरानं टेकवत टोकापासून शेपटीपर्यंत जा, वरून आणि दोन्ही बाजूंनी. दबलं तिथं खडूनं खूण करा. मग रुपयाच्या नाण्यानं टकटक करत पुन्हा तेवढाच प्रवास. चांगल्या जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बद्द. एका हलावर शंका आली की दुसऱ्या हलावरची तीच जागा वाजवा. दोन्ही सारखे वाजले पाहिजेत. मागची बुचं काढा, होडी पुढून उचला, आणि काय बाहेर येतं ते बघा. चमचाभर पाणी चालेल, तांब्याभर नाही. होडी सुटी केलेली असेल तर दोन्ही हल वेगवेगळे वजन करा. आपल्या मार्केट यार्डात गुळाचे रवे तोलायचा काटा असतो, तसल्या काट्यावरही काम होतं. एक हल दुसऱ्यापेक्षा पाच-सात किलोनं जड भरला, तर फोमनं पाणी पिलंय किंवा आत कुणीतरी दुरुस्तीचा ढीग ओतलाय.

गळती बघायला बुचाच्या भोकातून तोंडानं हवा फुंकायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडे दिसतील. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मात्र चुकूनही लावू नका, सांधा उसवतो. आणि हलात पाणी भरून बघू नका, त्या वजनानं हल ट्रेलरवरच चेपतो.

राहिला रंग. जुन्या होडीला रंग मारणं गुन्हा नाही. पण सगळी होडी फिकट आणि फक्त डेकचा पुढचा भाग ताजा, असं दिसलं की विचारा, रंगाखाली काय आहे. बहुतेक वेळा गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी (पुट्टी) असते. ती पाणी शोषते आणि पहिल्या हंगामात तडकते. गडद रंग असेल तर आणखी संशय घ्या. गडद हल उन्हात जास्त तापतो, आणि मऊपणाबद्दल ‘ऊन लागलंय’ म्हणायची सोय होते. रंग मारण्याआधीचे फोटो मागा. नाहीत म्हणाला तर उत्तर मिळालं.

तळहाताएवढा डाग असेल, तर बारीक भोकं पाडून, आतलं पूर्ण सुकवून, पातळ इपॉक्सी भरून तो बसवता येतो. त्याहून मोठा असेल तर कुटुंबासाठी ती होडी संपली. तुमचा डाग किती मोठा, हे पत्रावरून सांगणार नाही. स्वतंत्र कारागिराला दाखवा. ‘स्वतंत्र’ म्हणजे मालकानं बरोबर आणलेला नव्हे.

एप्रिलमध्ये होडी घेतली. तेव्हापासूनच एका जागी मऊ लागते. या हंगामात वापरली तर चालेल का? (गडहिंग्लज)

एप्रिलपासून आत्तापर्यंत थांबलात कशाला? अख्खा पावसाळा त्या फोमनं ओल धरली. जमिनीवर होडी ठेवताना बुचं उघडी ठेवायची असतात, ती तरी ठेवली होती का? वापरू नका, छपराखाली आणा, बुचं काढा आणि या आठवड्यात कुणाला तरी दाखवा.

डोलकाठीला बारीक तडा आहे आणि तारा गंजल्यात. उद्यमनगरातल्या कारखान्यांत दोन्ही कामं स्वस्तात होतील का? (शाहूपुरी)

उद्यमनगरात काय होत नाही? तिथल्या हातांबद्दल मला आदरच आहे. पण या दोन कामांत घाई नको. डोलकाठीचं अॅल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेनं तडा भरतो, पण आजूबाजूचा भाग मऊ पडतो आणि डोलकाठी शेजारीच वाकते. तडा असलेली डोलकाठी बदलायची, किंवा होडी सोडून द्यायची. स्टीलचे रिव्हेट आणि अॅल्युमिनियम जिथं भेटतात, तिथं पांढरी पूड दिसते का तेही बघा. खाऱ्या पाण्यात तिथूनच धातू खाल्ला जातो.

तारांचं म्हणाल तर, त्यांचं वय माहीत नसेल तर सगळ्या बदला, घासाघीस करताना ती रक्कम किमतीतून वजा करा. एकच धागा तुटलेला असला तरी ती तार बाद. तारेवरून जुनं फडकं ओढा, अडकलं तर धागा तुटलाय. सगळ्यात जास्त बघा ते टोकाला, जिथं तार दाबलेल्या नळीत शिरते. तिथं तपकिरी डाग असेल तर आतून गेलेली असते. नवीन तार ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची, १९ धाग्यांची हवी, आणि नळी योग्य साच्यात दाबलेली हवी, हातोड्यानं ठोकलेली नको. क्लचची वायर तर मुळीच नको. पुढची तार तुटली की आठ मीटरची डोलकाठी मागं बसलेल्यांच्या अंगावर येते. मापं घेऊन शिडाच्या होड्यांचं काम करणाऱ्या माणसाशी आधी बोला, मग उद्यमनगरात जा.

शीड आणि जाळी कशी तपासावी?

शिलाईवर नख घासा. दोरा पीठ होऊन निघाला तर उन्हानं खाल्लाय. शिवणं नवीन घालता येतात, पण कापडच फाटत असेल तर नवीन घ्या, आणि त्याची किंमत आधी विचारून ठेवा.

समुद्र लांब पडतो. रंकाळ्यात किंवा काळम्मावाडीच्या पाण्यात चालवता येईल का? (फुलेवाडी)

रंकाळ्यात कुठला मोकळा वारा आणि कुठली वळायला जागा? शिवाय केंदाळ (जलपर्णी) सुकाण्याला गुंडाळलं की होडी ऐकत नाही. महापालिकेची परवानगी हा वेगळाच विषय. धरणाच्या पाण्यात जागा आहे, पण डोंगरांमधला वारा सरळ येत नाही. शांत, शांत, आणि एकदम बाजूनं थप्पड. नवख्यांना ते समुद्राच्या सकाळपेक्षा अवघड जातं. पाटबंधारे खात्याला विचारल्याशिवाय होडी पाण्यात टाकू नका. राधानगरीच्या बाजूला अभयारण्य आहे, तिथं वनखात्यालाही विचारावं लागेल. ‘आमचा मामा तिथं ओळखीचा आहे’ ही परवानगी नव्हे. शिकायचं तर हिवाळ्यात मालवणच्या बाजूला, सकाळी. दुपारी समुद्रावरून वारा वाढतो. लाटांवर पांढरा फेस दिसू लागला की मुलांना घेऊन परत यायचं. होडी तिथं ठेवायची असेल तर काय कागद लागतील, ते जवळच्या बंदर कार्यालयातच विचारा, किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर नको.

पूर आला तर उपयोगी पडेल का? २०१९ आणि २०२१ चा अनुभव आहे. (शिरोळ)

नाही. पुराच्या पाण्यात विजेच्या तारा हाताच्या अंतरावर येतात, आणि तुम्ही त्यांच्याखाली अॅल्युमिनियमचा आठ मीटरचा खांब घेऊन फिरणार? डोलकाठी काढली तरी प्रवाहात ही होडी आवरत नाही. कोरड्या दिवसातही डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करून बघा, आणि उभ्या डोलकाठीनिशी होडी रस्त्यावरून ढकलत नेऊ नका. हॉबी कंपनीनं १९८० च्या दशकात डोलकाठीचं टोक वीज न वाहणाऱ्या फायबरचं करायला सुरुवात केली ती याच अपघातांमुळं. पण सगळ्या होड्यांना ते टोक नसतं, आणि असलं तरी खालचा भाग अॅल्युमिनियमचाच असतो.

गोव्याहून कशी आणावी? (कळंबा)

सुटी करून, टेम्पोत, हलांच्या खाली जुन्या गाद्या घालून. डोलकाठी मागं बाहेर येईल, तिला लाल फडकं बांधा. ट्रेलरवर ओढून आणायची असेल तर त्याच्या नोंदणीचं आधी आरटीओत विचारा. पूर्वीच्या मालकाचं ‘कुणी अडवत नाही’ घाटात पोलिसांना सांगता येत नाही.

मालक म्हणतो, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, आजच विसार द्या. काय करू? (उजळाईवाडी)

येऊ दे. जुनी कॅटामरान म्हणजे काही रंकाळ्याच्या कडेचा फ्लॅट नव्हे, की सकाळपर्यंत जाईल. बहुतेक होड्या महिनोन्‌महिने त्याच माडाखाली पडलेल्या असतात, आणि ते दुसरं गिऱ्हाईक आजवर मला कधी भेटलेलं नाही. विसार द्यायचाच असेल तर थोडाच द्या, आणि कागदावर लिहून घ्या : हल मऊ निघाला किंवा होडी पाण्यात गळली तर पैसे परत. मालकानं सही केली तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाणता माणूस घेऊन जा. सही करायला कचरला तर तिथूनच परत फिरा.