पाळकाचे मानधन आणि निर्भय उपदेश

प्रश्न : आमच्या मंडळीत पाळकांचे मानधन सभासदांच्या अर्पणातून दिले जाते. मोठ्या दात्यांना न रुचणारा उपदेश झाला की अर्पण घटते. ज्यांच्या पैशावर संसार चालतो त्यांच्याच चुका पाळकाला मोकळेपणी दाखवता येतील, अशी काही व्यवस्था असू शकते का?

उत्तर : ही अडचण फार जुनी आहे. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात प्रेषित पौलाने सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर चालावी असे ठामपणे मांडले आणि आपण स्वतः मात्र तो हक्क बजावला नाही, हेही तेथेच सांगितले. करिंथात तो तंबू करण्याचा धंदा करून राहिला होता. प्रत्येक पाळकाकडून असा दुहेरी भार अपेक्षिणे मला न्याय्य वाटत नाही, कारण आजाऱ्याच्या उशाशी बसण्यासाठी लागणारा वेळच मग त्याच्यापाशी उरत नाही.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण स्कॉटलंडचे आहे. पाळक नेमण्याच्या जमीनदारांच्या हक्काला विरोध करून १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक पाळक प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडले आणि त्याबरोबर वेतनाला व राहत्या घरालाही मुकले. जमीनदाराच्या हातून सुटलेला पाळक आता मंडळीतील धनिकांच्या हाती सापडण्याचा धोका होता. बाहेर पडलेल्या पाळकांचे नेते थॉमस चाल्मर्स यांच्या योजनेनुसार प्रत्येक मंडळीने मध्यवर्ती निर्वाहनिधीत रक्कम भरायची आणि त्यातून सर्व पाळकांना समान वाटा द्यायचा, असे ठरले. त्यामुळे एखाद्या दात्याने रागाने हात आखडला तरी ती तूट सगळ्यांत विभागली जाई आणि गरीब वस्तीतील पाळकालाही आधार मिळे. सधन मंडळ्यांना आपल्या पाळकाला वर पूरक रक्कम देण्याची मुभा मात्र होती, आणि माझ्या मते तेवढ्या फटीतून मूळ दुखणे पुन्हा आत येऊ शकते.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतही धर्मगुरूंच्या निर्वाहासाठी धर्मप्रांताच्या (एका बिशपच्या अखत्यारीतील क्षेत्राच्या) पातळीवरील निधीची तरतूद आहे. जर्मनीत सभासदांच्या आयकरावर ८ किंवा ९ टक्के चर्चकर आकारला जातो, त्यामुळे पैसा देणारा आणि उपदेश करणारा यांच्यात पुरेसे अंतर राहते.

मात्र मध्यवर्ती निधी आला की पाळक मंडळीऐवजी वरिष्ठांवर अवलंबून राहतो, हे विसरता येत नाही. म्हणून ठरलेल्या कारणांखेरीज आणि रीतसर सुनावणीखेरीज त्याला पदावरून दूर करता येणार नाही, हा नियम निधीइतकाच आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये व्हिकरांना (तेथील चर्चच्या स्थानिक पाळकांना) पूर्वी जवळजवळ अढळ पद असे. त्याचा लाभ निर्भीड उपदेशकाला झाला तसा आळशी माणसालाही झाला, तरीही मी ती किंमत मोजायला तयार होईन.

आपली मंडळी स्वतंत्र असेल तर निदान एवढे करावे : मानधन वर्षारंभी ठरवून वर्षभर बदलू नये, काही महिन्यांचे मानधन राखीव ठेवावे आणि कोणी किती अर्पण केले हे खजिनदाराखेरीज कोणालाही, विशेषतः पाळकाला, कळू देऊ नये.