नोकरी सोडून बायकोबरोबर वर्षभर परदेशात राहत-राहत फिरायचंय, महिन्याला एक असे १२ देश ठरवलेत. बजेट आणि व्हिसाचं प्लॅनिंग कसं करावं?

१२ देश खूप होतात. महिन्याला एक देश म्हणजे पहिला आठवडा घर शोधण्यात, शेवटचा पुढच्या तिकिटात आणि पॅकिंगमध्ये, मधे जेमतेम पंधरा दिवस हातात राहतात. चार धरा, फार तर पाच. युरोपात वर्ष काढायचा विचार असेल तर शेंगेनला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसावर, १८० दिवसांत ९० च दिवस मिळतात, आणि मोजणी सगळ्या देशांची मिळून एकच, त्यामुळे तो भाग आत्ताच बाजूला ठेवा. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा झालाय, राहून बघायला सुरुवात तिथून करा.

पण तुम्ही व्हिसा विचारलात, बजेट विचारलंत, मागे घरी कोण आहे याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून लिहायला बसले.

मी शाळेत गणित शिकवायचे, ५३ व्या वर्षी नोकरी सोडली, एकटीच असते नाशिकला. आई साताऱ्याला दादाकडे. २०२४ च्या सप्टेंबरात व्हिएतनामला दानांगला गेले, तीन महिने एकाच खोलीत राहायचं ठरवून. समुद्रापासून चार गल्ल्या आत, भाडं महिन्याला ७५ लाख डोंग, म्हणजे तेव्हाचे साधारण २५ हजार रुपये. दादाला ते तेव्हाच पटलं नव्हतं, एकाच गावात तीन महिने बसून काय बघणार, तेवढ्या पैशात टूरवाले पाच देश दाखवतात. त्याला मी काहीच बोलले नाही.

ऑक्टोबरात तिथे पाऊस लागला, आपल्याकडे जुलैत कोकणात लागतो तसा, आणि त्यातच एका रात्री दादाचा फोन. आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, सकाळी ऑपरेशन, डिपॉझिट भरायचंय. मी म्हटलं, आत्ता पाठवते. आणि पाठवता येईना. कारण माझं इथलं सिम मी रोमिंगचं बिल नको म्हणून काढून नाशिकच्या कपाटात ठेवून गेले होते, आणि बँकेचा प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे आणि काकू लेकीकडे नागपूरला गेलेल्या. त्या दोन दिवसांनी आल्या, सिम त्यांच्या फोनमध्ये घातलं, व्हिडिओ कॉलवर ओटीपी वाचून दाखवला, तर दादाचं खातं माझ्याकडे आधी जोडलेलंच नव्हतं, आणि नवीन खातं जोडलं की पहिले २४ तास मोठी रक्कम जात नाही. सगळे मिळून चार दिवस गेले. खात्यात पैसे होते हो. पडून होते.

ऑपरेशन थांबलं नाही, दादाने एफडी मोडली. पण तो जे बोलला ते अजून माझ्या कानात आहे, पैसे द्यायचे नव्हते तर तसं सांगायचं. गेल्या दिवाळीतही सगळ्यांच्या पंगतीत तोच विषय निघाला.

त्या चार दिवसांतला एक दिवस सांगते. कोजागिरी होती. त्यांच्या पंचांगातही पौर्णिमेला मान आहे, त्या दिवशी बरेच लोक मांसाहार करत नाहीत, घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे फळं आणि फुलं ठेवतात. मी जिन्यात फोन घेऊन बसले होते. घरमालकीण साठीची, तिला मी 'चि' म्हणायचे, म्हणजे ताई. तिने फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपवर विचारलं काय झालं, मी लिहिलं. आत गेली, तांदळाची पातळ पेज घेऊन आली, वर मशरूमचे तुकडे आणि मिरपूड. मग विचारलं, आईचं नाव काय, वय काय, गाव कुठलं. मला वाटलं हॉस्पिटल शोधतेय. तिने तीन उदबत्त्या लावल्या, हात कपाळापर्यंत नेले आणि आईचं नाव घेतलं, मग सा-ता-रा, असं तोडून तोडून, दोनदा. देवापुढे माणसाचं नाव-गाव नीट सांगावं लागतं, नाहीतर त्यांना कळणार कसं, असं तिचं म्हणणं.

पाच दिवसांचं हॉटेल घेतलं असतं तर मला कोणी आईचं नाव विचारलं नसतं. एका गावात बसून काय बघितलंस याचं माझं उत्तर हेच आहे, दादाने ते ऐकून घेतलेलं नाही. दानांगजवळच्या 'मी सोन' या जागची, चाम राजांनी बांधलेली जुनी हिंदू देवळंही मी तीनदा बघितली, तिसऱ्यांदा गेले तेव्हा कुठे आपल्या पुरातत्त्व खात्याने दुरुस्त केलेला भाग आणि जुना भाग यातला विटांचा फरक दिसायला लागला, २०२० मध्ये तिथेच काम करताना त्यांना वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं होतं. एका दिवसाच्या सहलीत हे होत नाही.

आता निघण्याआधी काय करायचं ते. इथलं सिम चालू ठेवा, रोमिंग सुरू करून दुसऱ्या स्लॉटमध्ये असू द्या, रिचार्ज घरातल्या कोणाला तरी लावून द्या. बँकेला विचारून ओटीपी ईमेलवरही घ्या. भावाबहिणींची खाती आधीच जोडा आणि शंभर रुपये पाठवून बघा. आईवडिलांच्या नावाने एक जॉइंट खातं ठेवा, त्यात हॉस्पिटलच्या डिपॉझिटपुरते पैसे आणि कार्ड त्यांच्याजवळ. व्हिएतनामचा ई-व्हिसा मल्टिपल एंट्रीच घ्या, ५० डॉलर पडतात. मी २५ वाचवायला सिंगल घेतला होता, आईसाठी बँकॉकमार्गे घरी आले आणि तो तिथेच संपला, परत जाताना नवा काढावा लागला. प्रवास विम्याची मल्टी-ट्रिप पॉलिसी वर्षाची असली तरी एका ट्रिपला दिवसांची मर्यादा असते, ती ओळ शोधून वाचा. आणि व्हिएतनाममध्ये स्कूटर चालवू नका, आपलं इंटरनॅशनल लायसन्स रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं, तिथे १९६८ चं चालतं, अपघात झाला तर विमा हात वर करणार.

म्हाताऱ्या आईला ठेवून जायचंच कशाला, असं तुम्हालाही कोणीतरी म्हणेल. जा. माझं चुकलं ते सिम आणि खात्यांच्या बाबतीत, जाण्यात काही चुकलं नाही, आणि हे मी दादाच्या तोंडावरही सांगितलंय. आईने हॉस्पिटलमधून पहिल्या फोनवर विचारलं होतं, तिकडचा पाऊस थांबला का. फक्त घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर एका वेळी तीन महिन्यांच्या वर जाऊ नका, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवा, त्यांना हात लावायचा नाही.

बजेटचा नेमका आकडा मी देत नाही, तुम्ही दोघं आहात, माझा खर्च एकटीचा होता आणि मी दोन्ही वेळ घरीच करून खायचे. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, निघायच्या महिन्यात त्या त्या देशाच्या सरकारी साइटवरच बघा. दानांगला ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा, फेब्रुवारी ते मे बरं. मी येत्या फेब्रुवारीत जातेय, तीच खोली सांगून ठेवलीय.