राजीनाम्याच्या कागदावर सही नको

वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि दिव्यांगत्व

जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईच्या कारखान्यात नऊ वर्षांपासून मशीनवर आहे. अपघातात उजव्या हाताची तीन बोटं गेली. शेठ म्हणतात, "राजीनामा लिहून दे, हिशेब करून टाकू, वर वीस हजार देतो." मला असं काढता येतं का?
— एक कामगार, जळगाव

राजीनामा देऊ नका. कोऱ्या कागदावर सही नको आणि 'सर्व येणे मिळाले' अशा छापील पावतीवर तर नकोच. तुम्ही स्वतःहून काम सोडलंत असं एकदा कागदावर आलं, की पुढे कुठल्याही टेबलावर पहिले तोच कागद समोर ठेवला जातो.

आता कडू भाग. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. ती तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 मध्ये आहे आणि ती सरकारी आस्थापनांसाठी आहे. खासगी कारखान्याला ती जशीच्या तशी लागू होत नाही. म्हणून तुमचा हात रिकामा आहे असं मात्र नाही. याच कायद्याचं कलम 3 दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायला मनाई करतं आणि त्यात खासगी-सरकारी असा फरक नाही. मालकाला सुटायचं असेल तर त्याचं पाऊल रास्त हेतूसाठी आणि त्या हेतूच्या प्रमाणात होतं, हे त्याला दाखवावं लागतं. शिवाय 'वाजवी सोय' नाकारणं हाही कायद्याच्या व्याख्येत भेदभावच आहे. वाजवी सोय म्हणजे मालकावर अवाजवी बोजा न पडता कामात, जागेत किंवा साधनात करता येईल तेवढा बदल.

पण ती सोय मागावी लागते, तीही लेखी. "मला हलकं काम द्या" एवढ्यावर भागत नाही. असं लिहा : 'दि. … रोजी मशीन क्र. … वर झालेल्या अपघातात माझ्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. मी कामावर हजर होण्यास तयार आहे. रोल चढवणे मला आता जमत नाही. मात्र चटईची तपासणी, मोजणी व गोडाऊनची नोंद ही कामे मी करू शकतो. यांपैकी काम वाजवी सोय म्हणून द्यावे.' खाली तारीख आणि सही. दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

दुसरी बाजू पैशाची. पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कपात होत असेल तर अपघाताचा अहवाल मालकानं ईएसआयकडे पाठवला का, ते शाखा कार्यालयात जाऊन बघा. बऱ्याच प्रकरणांत अडतं ते इथंच : दवाखान्यात 'घरी पडला' असं लिहिलेलं असतं. तुमच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते आजच वाचून घ्या. उपचार चालू असेपर्यंत वेतनाच्या 90 टक्के दरानं तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. पुढे वैद्यकीय मंडळ कमावण्याची क्षमता किती घटली ते ठरवतं. ही टक्केवारी वेगळी आणि यूडीआयडी कार्डावरची (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही, दोन्हींसाठी अर्ज करा.

एवढं करूनही गेट बंद राहिलं तर जळगावच्या कामगार कार्यालयात आणि पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. आयुक्तांना चौकशीसाठी साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांचं म्हणणं मात्र शिफारशीच्या रूपात येतं, म्हणून कामगार कायद्याची वाट सोडू नका.

वडील धुळ्यात सरकारी कार्यालयात लिपिक आहेत, 23 वर्षं सेवा झाली. मधुमेहानं दोन्ही डोळ्यांची नजर जवळपास गेली. साहेब स्वेच्छानिवृत्ती घ्या म्हणतात. फाइल वाचता येत नाही तर काम कसं देणार, असा त्यांचा सवाल आहे.
— एक वाचक, धुळे

वर ज्या कलमाबद्दल 'नाही' म्हटलं, ते तुमच्या वडिलांना पूर्ण लागू आहे. कलम 20(4) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदही कमी करता येत नाही. आहे त्या पदाचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांखेरीज जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये कुणाल सिंग प्रकरणात, जुन्या 1995 च्या कायद्यातल्या अशाच कलमावर, पाय गमावलेल्या जवानाच्या बाजूनं निकाल दिला. रुग्णता निवृत्तिवेतन (आजार किंवा दुखापतीमुळे सेवेला अपात्र ठरल्यावर मिळणारं) दिलं गेलं एवढ्यावरून हे संरक्षण नाकारता येत नाही, असंही त्यात म्हटलं.

ही तरतूद कर्मचाऱ्याला काढून टाकण्याविरुद्ध आहे. स्वेच्छानिवृत्ती मात्र नावाप्रमाणेच स्वेच्छेची असते. 'साहेब म्हणाले म्हणून' अर्ज दिला आणि तो मंजूर झाला, तर भांडण फार अवघड होतं. दिला असेलच तर निवृत्ती अमलात येण्याच्या तारखेआधी तो लेखी मागे घ्या.

आता साहेबांच्या सवालाकडे. फाइल ऐकता येते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि तो मराठी वाचतो, पण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी म्हणून ओळखता येणाऱ्या प्रमाण पद्धतीत, असेल तरच. आपल्या कार्यालयांतली जुनी पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यामुळे कानावर नुसती बडबड येते. स्कॅन केलेली पीडीएफ तर चित्रच असते, तिच्यावर आवाज गप्प होतो. मग "सॉफ्टवेअर देऊन पाहिलं, यांना जमत नाही" असा शेरा पडतो. म्हणून अर्जात चार गोष्टी नाव घेऊन मागा : एनव्हीडीए टाकलेला संगणक, हेडफोन, त्यांच्याकडे येणारी पत्रं युनिकोडमध्ये आणि कीबोर्ड शिकायला प्रशिक्षणाची मुदत. बारकोड किंवा कॅप्चाची चित्रं (वेबसाइटवर ओळखून टाइप करायची वाकडीतिकडी अक्षरं) हाताळायला कुणाची मदत लागणार असेल तर तेही लिहा.

अर्ज कार्यालयप्रमुखाकडे आवक क्रमांक घेऊन द्या. दाद नाही मिळाली तर कलम 23 खालच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, त्यानं दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. असा अधिकारी नेमलाच नाही असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या, पुढे कामाला येतं. त्यानंतर जिल्हास्तरीय समिती आणि पुण्याचे आयुक्त. (भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी पुण्याला अर्ज पाठवून महिने घालवू नयेत. रेल्वे केंद्राची आहे, त्यांची तक्रार दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे.)

माझं प्रमाणपत्र 35 टक्क्यांचं आहे. 40 च्या खाली कायदा लागूच होत नाही म्हणतात.
— एक शिक्षिका, शहादा

अर्धं खरं. सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण 40 टक्के आणि वरच्यांसाठी आहे. भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोय यांना ती अट नाही. 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक देण्याच्या प्रश्नावर, सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं. वरच्या मजल्याऐवजी तळमजल्यावरचा वर्ग तुम्ही मागू शकता. 40 च्या खालच्यांना यूडीआयडी कार्ड पांढऱ्या पट्टीचं मिळतं, ते जोडा.

आमची दाल मिल आहे, 32 माणसं कामाला. आम्हालाही काही करावं लागतं का?
— एक व्यापारी, अमळनेर

लागतं. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे. 20 किंवा जास्त माणसं असली की त्यात दिव्यांगांना जमतील अशी कामं कोणती, निवड कशी, सोयी कोणत्या, हे लिहून एक संपर्क अधिकारी नेमायचा, धोरण आयुक्तांकडे नोंदवायचं आणि दर्शनी भागात लावायचं. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी 50 हजार ते 5 लाख.

रॅम्प बांधणार असाल तर मिस्तरीला सुरुवातीलाच माप द्या. तो मोटारसायकल चढेल असा उतार बांधून मोकळा होतो, त्यावर व्हीलचेअर मागे कलंडते. प्रमाण 1 ला 12 : ऑफिसच्या ओट्याला 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची 45 सेंटिमीटर आणि उतार 5 मीटर 40 सेंटिमीटर. जागा पुरत नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळवा. फरशी गुळगुळीत नको, डाळीचा भुसा पडला की ती आरशासारखी होते. संडासाचं दार बाहेर उघडू द्या.

सुपरवायझर सगळ्यांसमोर "ए लंगड्या" म्हणूनच हाक मारतो. याला काही कलम आहे?
— चाळीसगाव

आहे. लोकांसमोर, कमीपणा आणण्याच्या हेतूनं मुद्दाम अपमान केला तर याच दिव्यांग कायद्याच्या कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. कधी, कुठे, कोणासमोर, नेमके शब्द काय, हे त्याच दिवशी वहीत लिहीत चला. फिर्याद पोलीस ठाण्यात द्यायची. कायद्याचं नाव ठाणे अंमलदाराला माहीत नसलं तर कलमाची प्रत सोबत न्या.