सही करण्याआधी आपला स्वतःचा वकील

प्रश्न : हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या माझ्या लग्नाला अकरा वर्षे झाली असून गेले दीड वर्ष मी मुलीसह आईवडिलांकडे राहते. पतींनी परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा पाठवला आहे. "माझेच वकील दोघांचे बघतील, तू फक्त तारखेला येऊन सही कर," असे ते म्हणतात. पोटगी आणि इतर सर्व हक्क मी सोडत आहे, असे त्या मसुद्यात लिहिले आहे. मला कमाई नाही आणि वकिलाची फी वडिलांनाही परवडणारी नाही. मला कायद्याची मदत कोठे मिळेल?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य फीबद्दलचे नसून "माझेच वकील दोघांचे बघतील" हे आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. ज्या वकिलांना तुमच्या पतींनी नेमले आहे, ते पतींचे हित पाहणार. यात त्यांचा दोष नाही, ते त्यांचे कर्तव्यच आहे. तुमचे हित पाहणारा माणूस मात्र त्या खोलीत कोणीच नसेल. तेव्हा तुमच्या बाजूच्या वकिलाने तो मसुदा ओळ न् ओळ वाचेपर्यंत सही करू नका आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या वकीलपत्रावर तर कधीच करू नका.

असा वकील तुम्हाला विनामूल्य मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 याच्या कलम 12 नुसार स्त्रीला मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे आणि त्यासाठी तिला उत्पन्नाची अट नाही. "तुझ्या वडिलांना पेन्शन आहे, तुला कसली मोफत मदत?" असे कोणी म्हटले तर ते चूक आहे, हे ध्यानात ठेवा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते. तेथे अर्ज द्यायचा असतो. जाणे शक्य नसेल तर 15100 या क्रमांकावर विचारणा करता येते. प्राधिकरणाने नेमून दिलेल्या वकिलांना तुमच्याकडून फी मागता येत नाही. तशी मागणी झाली किंवा ते तारखांना येईनासे झाले, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून दुसरा वकील मागावा. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्कही माफ आहे.

कौटुंबिक न्यायालयात वकिलाची गरज नसते, असेही तुमच्या कानावर येईल. तेथे वकिलामार्फत बाजू मांडण्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते एवढेच खरे आहे आणि ती अर्ज केल्यावर सहसा मिळते.

आता त्या अटीकडे वळू. माझ्याकडे आलेल्या एका भगिनीच्या मसुद्यात पोटगी सोडल्याचा उल्लेख सातव्या पानावर, दागिने परत मिळाल्याच्या कबुलीला जोडून, एकाच वाक्यात होता. दागिने तर तिला मिळालेच नव्हते. तुमचे स्त्रीधन तुमचेच आहे, त्यामुळे न मिळालेली वस्तू मिळाली असे लिहून देऊ नका. मुलीच्या खर्चाचा हक्क मुलीचा आहे, तो आईच्या सहीने संपत नाही, तरीही तिचा ताबा, शिक्षण आणि खर्च यांविषयी मसुद्यात रक्कम व तारखांसह स्पष्ट लिहून घ्या. सही होऊन गेली असली तरी परस्पर संमतीच्या घटस्फोटात अंतिम हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हेही अनेकींना कोणी सांगत नाही.

तडजोड न जमल्यास तुम्ही स्वतः अर्ज करू शकता आणि 2003 च्या दुरुस्तीपासून पत्नीला आपण राहतो तेथील न्यायालयातही घटस्फोटाचा अर्ज दाखल करता येतो. प्रकरण चालू असताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम पोटगीबरोबरच दाव्याचा खर्चही मागता येतो. पोटगी मागितली की दोघांनाही मिळकत आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवून दिले आहे. त्यामुळे "मला काही पगार नाही" एवढे तोंडी सांगून पतीला सुटता येत नाही. मारहाण, धमकी किंवा पैशांची अडवणूक झाली असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. अर्ज करणे आणि विधी साहाय्य मिळवणे यांत मदत करणे हे त्यांचे काम आहे. तातडीचे संकट असल्यास 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

कार्यालयात जाताना आधार कार्ड, लग्नाचा पुरावा, मुलीचा जन्मदाखला, पतींच्या नोकरीविषयी हाती असलेला कोणताही कागद आणि तुम्ही कधीपासून वेगळे राहता, कोणत्या वस्तू तिकडे राहिल्या याची स्वतःच्या हाताने लिहिलेली यादी सोबत ठेवा. पतींनी पाठवलेला मसुदा मात्र जसा आला तसाच न्या. त्यावर पेन्सिलीनेही काही लिहू नका.